कोणाला न विचारता

माझ्या आबांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, आंधळी होती. चार-पाच वर्षांची असताना देवी आल्या, त्यात डोळे गेले. त्याच साथीत घरातलं एक तान्हं मूल दगावलं होतं. त्यामानानं हिचे नुसते डोळेच गेले म्हणून पणजीनं देवीपुढं नारळ फोडला, असं आबा सांगायचे. त्यांच्या सांगण्यात दुःखाचा सूर नसे. त्या पिढीत देवीच्या व्रणांचे चेहरे आणि पांढरी पडलेली बुबुळं गावात घरोघर होती. ही साथ देशातून हटायला 1975 साल उजाडलं. तोवर आत्याआजी पन्नाशीला टेकली होती.

देऊळघाट बुलढाण्याजवळ, घाटावर. आमच्या जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगताना तालुक्याच्याही आधी घाटावरचा की घाटाखालचा हे सांगतात. पैनगंगा आमच्या पलीकडच्या डोंगरात उगम पावते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये देऊळघाटचं नाव येतं ते या नदीच्या निमित्तानं. जमीन काळी, पाऊस लागला की फुगणारी, म्हणून घरांची जोती उंच. जोत्यावर ओसरी, ओसरीवर वीतभर उंबरठा आणि वर चौकट इतकी ठेंगणी की डोळस पाहुण्याचंही कपाळ एकदा तरी शेकायचं. अशा घरात आंधळं पोर वाढवायचं होतं.

पणजोबांनी दोरी बांधली. आबांनी ही दोरी इतक्यांदा वर्णून सांगितली आहे की ती मीच वळल्यासारखी वाटते. पोळ्याच्या आधी अंबाडीच्या वाखाचे कासरे, वेसणी वळायला घेतल्या की त्याच वाखातून एक लांब दोरी आत्याआजीसाठी निघायची. सैपाकघराच्या चौकटीपासून ती निघे, परसातल्या खुंट्यांवरून लहान पोरीच्या कमरेच्या उंचीनं जाई, आणि गोठ्याशी संपे. एक गाठ लागली की डावीकडं रांजण. लागोपाठ दोन गाठी म्हणजे न्हाणी. तीन गाठी हाताला आल्या की थांबायचं, पुढं बैल आहे, तो लाथ मारेल. पोरीची उंची वाढत गेली तशा खुंट्या वर सरकल्या. पावसानं दोरी कुजायची, म्हणून दर पोळ्याला नवी. पण गाठी जिथल्या तिथंच. एका वर्षी नव्या गड्यानं दोरी बांधली आणि हौसेनं दोन गाठी जास्त मारल्या, शोभेला. त्या दिवशी आत्याआजी न्हाणीत जायची ती उकिरड्यात गेली. पणजोबांनी गड्याला काही म्हटलं नाही. त्याचे डोळे बांधले आणि म्हणाले, आता तू जा.

जपानात सेइची मियाके नावाच्या माणसानं अंधांसाठी पायाला कळणाऱ्या फरशा शोधल्या आणि त्या पहिल्यांदा 1967 साली ओकायामा शहरातल्या एका रस्त्यावर बसवल्या गेल्या. ठिपके लागले की थांब, लांब पट्टे लागले की चालत राहा. आता मुंबई-पुण्याच्या मेट्रो स्थानकांवर त्या पिवळ्या फरशा सगळे पाहतात, फार थोडे ओळखतात, आणि सामान ठेवायला मात्र बरेच वापरतात. पणजोबांनी जपानचं नाव ऐकलं असेल ते लढाईच्या बातम्यांत. त्यांना सुचलं ते गरजेनं सुचलं. पण दोरी गोठ्याशी संपत होती. तिच्यापुढं गाव होतं, बाजार होता, नदी होती, आणि तिथं जायला कोणाचा तरी हात लागे. आत्याआजी म्हणायची, “कोनी नेलं तं गेली, नाई नेलं तं घरी.” तक्रार म्हणून नाही, पाऊस आला-नाही आला सांगावं तसं.

एका बाबतीत मात्र ती घरात सगळ्यांच्या पुढं होती. बातमीत. तेव्हा गावात सरकारी बातमी कानानं फिरायची. कोतवाल डफडं वाजवत निघाला की चावडीपासून वेशीपर्यंत तेच शब्द: देवी टोचणारा डॉक्टर परवा येणार, कोंडवाड्यातल्या गुरांचा लिलाव अमुक वारी, सारा भरायची मुदत तमुक तारखेपर्यंत. आमच्याकडं वस्ती दोन्ही धर्मांची, तेव्हा एकदा दवंडी मराठीत व्हायची आणि मशिदीच्या अंगाला वळलं की उर्दूच्या वळणाच्या हिंदीत. आत्याआजी दोन्ही ऐकायची. एकीत सुटलेलं दुसरीत सापडायचं. साऱ्याची तारीख आबा विसरले तरी ती विसरत नसे, आणि तलाठी दारात आला की उत्तरं आतून तीच द्यायची.

आता दवंडीचं कौतुक इथंच थांबवतो, कारण त्याच आळीत शिवणकाम करणारा एक बहिरा माणूस होता. गाव त्याला मुका म्हणायचं. त्याचं खरं नाव काय होतं, हे आबांना शेवटपर्यंत आठवलं नाही. त्याच्याशी बोलायच्या खुणा गावानं ठरवून टाकल्या होत्या: मिशीला पीळ म्हणजे पाटील, कमरेवर दोन थापा म्हणजे कोतवाल, मनगटावर मनगट म्हणजे पोलीस. दवंडी झाली की पोरं त्याला खुणांनी सांगायची आणि मजा म्हणून खोटंही सांगायची. एकदा त्यांनी सांगितलं की तुझ्या मशीनचा लिलाव आहे. तो भर उन्हात शिवणयंत्र डोक्यावर घेऊन मेव्हण्याच्या गावी निघाला, तो वेशीबाहेर कोणीतरी गाठून परत आणला. ही गोष्ट आबा हसत सांगायचे, ऐकणारेही हसायचे. मुंबईत बहिऱ्या मुलांची शाळा 1885 सालीच निघाली होती. आमच्या शिंप्यापर्यंत तिची बातमीसुद्धा कोणी खुणेनं पोचवली नसणार.

पुढं महाराष्ट्र झाला, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, ग्रामपंचायतींना कार्यालयं, दप्तर, शिक्के आले, आणि भिंतीवर सूचनाफलक आला. सुधारणाच ती. लिहिलेलं राहतं, बोललेलं उडून जातं. पण दवंडी हळूहळू कमी झाली तशी आत्याआजी घरातली सगळ्यांत शेवटी बातमी कळणारी बाई झाली. फलकावर काय लागलंय हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, आणि येणारा-जाणारा म्हणायचा, काही नाही, असंच सरकारी आहे. शिंप्याला अक्षरओळख नव्हती, तेव्हा फलकाचा त्यालाही उपयोग शून्य. एक सोय गेली, दुसरी आली, आणि ही दोघं दोन्हींच्या मधल्या फटीत राहिली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. फलक लावणाऱ्याच्या डोळ्यासमोर वाचणारा माणूस होता, एवढंच.

1962 च्या निवडणुकीची गोष्ट आबा अगदी लाडात आले तरच सांगायचे. तोवर मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली होती आणि अंध मतदाराला सोबती नेता येत असे. आत्याआजीनं सोबती म्हणून भावाला नेलं. तिनं शिक्का कुठं मारायला सांगितला आणि आबांनी कुठं मारला, यावर पुढची वीस वर्षं घरात वाद होता. ती म्हणायची, म्या बैलजोडीवर सांगतलं होतं. आबा म्हणायचे, बैलजोडीवरच मारला. ती म्हणायची, “तू सांगशील तेच खरं. मले कुठी दिसलं?” मग सगळे हसायचे, तीही हसायची. गुप्त मतदान नावाची वस्तू तिच्या वाट्याला कधी आलीच नाही. आता मतदान यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानं मतदान केंद्रांवर उतरती वाट करायला सांगितली. 2024 च्या लोकसभेला तर 85 वर्षांपुढच्यांना आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरी मतपत्रिका आली. ब्रेल वाचता येणारी माणसं थोडी, हे खरं. तरी त्या ठिपक्यांमुळं भाऊ-बहिणीचा एक तरी वाद मिटला असता.

घरातल्या म्हाताऱ्यांना गुलाबराव महाराजांचं मोठं वेड. अमरावतीकडचे, 1881 चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य आणि त्यात शंभरावर ग्रंथ. शिष्य वाचून दाखवत, महाराज सांगत, शिष्य उतरवून घेत. प्रज्ञाचक्षू म्हणतात त्यांना. आत्याआजी कधी कष्टी झाली की कोणीतरी हटकून हे उदाहरण द्यायचं: बघ, डोळे नव्हते तरी केवढं काम केलं. एकदा तिनं उत्तर दिलं, “त्याईले वाचून दाखोनारे होते. मले कोन दाखवते?” त्यावर कोणाला बोलता आलं नाही. महाराजांची प्रतिभा कोणी हिरावून घेत नाही, पण त्या शंभर ग्रंथांच्या मागं रोज तासन् तास वाचणारे गळे होते, हे आमच्या घरात फक्त तिला सुचलं.

थोरल्या काकांची गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. विहीर खोल नेताना सुरुंग उशिरा उडाला आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. पुढं काही वर्षांनी एका शिबिरात त्यांना जयपूर फूट मिळाला. रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास घडवलेला हा रबरी पाय. विलायती कृत्रिम पायात बूट घालावा लागे आणि उकिडवं बसता येत नसे. हा पाय घालून चिखलात उतरता येतं, मांडी घालून पंगतीत बसता येतं. काका त्याला ‘दुसरा गडी’ म्हणायचे. शेतात तो गडी चालायचा. कचेरीच्या जिन्यावर चालायचा नाही.

निराधारांना संजय गांधी योजनेतून अनुदान मिळू लागलं ते 1980 पासून. काका अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले, तर टेबल वरच्या मजल्यावर. कठडा एकाच बाजूला, तोही चढताना डावीकडं. ते खाली पायरीवर बसून राहिले. दुपारी एक कारकून जेवायला म्हणून खाली उतरला, त्यानं विचारपूस केली, परत वर गेला, शाईचं पॅड आणि कागद घेऊन आला आणि तिथंच, पायरीवर, काकांचा अंगठा घेतला. डबा तसाच राहिला त्याचा. आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात आणि त्या कारकुनाला दुवा देतात. द्यायलाच हवा. पण इतक्या वर्षांत गोष्ट सांगणाऱ्या एकानंही म्हटलं नाही की पाय नसलेल्यांच्या अर्जाचं टेबल माडीवर ठेवलं कोणी? भला माणूस भेटला की आपला प्रश्न संपतो. पुढच्या महिन्यात त्या कारकुनाची बदली झाली असेल आणि पायरीवर दुसरा कोणी बसला असेल, तो आपल्या गोष्टीत येत नाही.

आमच्या भागात अपंग माणसं मोठ्या संख्येनं एकत्र दिसतात ती देवाच्या दारी. होळीच्या सुमाराला सैलानीबाबांच्या यात्रेला पिंपळगाव सराईकडं गाड्याच्या गाड्या लोटतात. मनोरुग्णांना घेऊन आलेली कुटुंबं तिथं ठाण मांडून बसतात. पूर्वी साखळीनं बांधलेली माणसंही दिसायची. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळदंड घालायला मनाई केली. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात वेगळं चित्र. तिथं चाकाची खुर्ची मागावी लागत नाही, सेवाधारी लांबून पाहून ती घेऊन येतो आणि तुमच्यावर उपकार केल्याचं तोंडावर दिसू देत नाही. शिवशंकरभाऊ पाटलांनी घालून दिलेली ती शिस्त. ते 2021 साली गेले, शिस्त आहे. मग प्रश्न पडतो की यात्रेला एवढी माणसं निघतात, ती वर्षभर बँकेत, पोस्टात, वाचनालयात का दिसत नाहीत? 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांवर अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. एवढी माणसं लपवायला फार भिंती लागतात. त्या आपण पायऱ्यांच्या रूपानं बांधल्या.

हे सगळं मला पुस्तकातून उलगडलं ते नसीमा हुरजूकांच्या ‘चाकाची खुर्ची’नं. कोल्हापूरच्या या बाई ऐन तारुण्यात कमरेखाली लुळ्या झाल्या, नोकरी केली, आणि 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली. ते वाचताना आत्याआजीचं ‘कोनी नेलं तं गेली’ एकदम वेगळं ऐकू आलं. उचलून नेणारे हात मिळाले म्हणजे वाट मिळाली असं नाही. उचलून नेलेल्या माणसाला कंटाळा आला तर उठून निघता येत नाही. त्याला भांडता येत नाही, कारण परत जायला तेच हात लागतात.

कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर आपण गरीब नाही. पहिला कायदा 1995 चा, त्यात अपंगत्वाचे सात प्रकार. दुसरा 2016 चा, त्यात एकवीस. नव्या कायद्याचे नियम 15 जून 2017 ला निघाले आणि तिथून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. म्हणजे मुदत जून 2022 ला सरली. केंद्राचं सुगम्य भारत अभियान 3 डिसेंबर 2015 चं. बरोबर सात वर्षांनी त्याच तारखेला महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला. आणि 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी या अंध याचिकाकर्त्याच्या प्रकरणात दाखवून दिलं की कायदा ‘करावंच लागेल’ म्हणतो, पण त्याखालचा पंधरावा नियम ‘केलं तर बरं’ या सुरात बोलतो. न्यायालयानं तो नियम कायद्याविरुद्ध ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत आखायला सांगितलं. रतुरींची मूळ याचिका 2005 ची. एकोणीस वर्षं.

कागदावरून जमिनीवर उतरलं की गाठ गवंड्याशी पडते. घाटाखालच्या एका गावी माझी बहीण दिली आहे. तिथल्या एका सार्वजनिक इमारतीला रॅम्प आहे, फोटोत छान दिसतो. मी टेपनं मोजला. जोतं अडीच फूट, रॅम्पची लांबी साडेसात फूट. म्हणजे एकास तीन. निकष आहे एकास बारा: एक फूट चढायला बारा फूट वाट. अडीच फुटाला तीस फूट हवी, शिवाय मध्ये दम खायला सपाट तुकडा, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर दारापुढं खुर्ची वळवण्याइतकी जागा. इथं वर पोचलं की दार बाहेर उघडतं, म्हणजे खुर्चीवाल्याला दार ओढत मागं सरायचं, एकास तीनच्या उतारावर. फरशी घोटीव ग्रॅनाइट, पावसात आरसा. तळाशी विजेचा खांब. कोणीतरी त्याला पाण्याची टाकी टेकवून ठेवली होती.

मिस्त्री भला होता, त्यानं माझी चेष्टा केली नाही. म्हणाला, “भाऊ, तीस फूट रॅम्प काढला तं तो रस्त्यावर जाईल. जागा कुठी हाये? आन् जोतं उतरवलं तं जमीन फुगते, भिंतीले तडे जातात.” बरोबर आहे त्याचं. काळ्या मातीत जोतं उंच ठेवायला कारण आहे, ते कोणी हौसेनं केलेलं नाही. पण तीस फूट सरळच कशाला? भिंतीला लागून पंधरा फूट जा, सपाट तुकड्यावर वळा, पंधरा फूट परत या. त्यानं खडूनं जमिनीवर आखून पाहिलं. मावत होतं. वर तो म्हणाला, असा आखलेला नकाशा आजवर कोणी हातात दिला नाही. ‘रॅम्प 1 नग’ एवढंच अंदाजपत्रकात असतं. नग म्हटल्यावर त्यानं नग दिला.

मी तिथं मोजायला गेलो तो भाच्याच्या सांगण्यावरून. बहिणीचा हा मुलगा कॉलेजात आहे, त्याला दिसत नाही. देवीचा जमाना गेला, याचा आजार जन्मतः डोळ्याच्या पडद्याचा. पण त्याची दोरी मोबाइल आहे. फोन त्याला पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि तो ते इतक्या वेगानं ऐकतो की शेजारी बसलेल्याला रेडिओ बिघडलाय असं वाटतं. संगणकावर तो एनव्हीडीए वापरतो, मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 साली सुरू केलेला, फुकट मिळणारा. मराठी ब्रेलही शिकलाय. स्वागत थोरातांनी 2008 साली मुंबईतून सुरू केलेल्या ‘स्पर्शज्ञान’ या ब्रेल पाक्षिकाचे जुने अंक त्याच्या शाळेत होते, ते तो अंथरुणात, दिवा न लावता वाचायचा आणि आईची बोलणी खायचा.

त्याला नडतं ते चित्र. सरकारी कागद टंकून, छापून, सही-शिक्का मारून, मग स्कॅन करून संकेतस्थळावर चढवतात. आपल्याला ती अक्षरं दिसतात, त्याच्या फोनला तो एक फोटो. कधी मजकूर खरा असतो पण जुन्या फॉन्टातला, त्यात देवनागरी नुसती वरवर, आत इंग्रजी कळा. मग फोन निव्वळ बडबडतो. आणि जिथं ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा’ म्हणून वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावतात, तिथं तो हात जोडतो. बँकेच्या केवायसीत डोळे मिचकावून दाखवायला सांगायचे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं या प्रकाराची दखल घेतली, डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि वीस सूचना दिल्या. तिथं याचिका करणाऱ्या ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या बाई होत्या, मिचकावायला पापणीच न उरलेल्या.

त्याच्या गावात सूचनाफलकाची जागा आता व्हॉट्सॲपच्या गटानं घेतली आहे. ग्रामसभेची नोटीस फलकावर लागते, तिचा फोटो काढतात आणि गटावर टाकतात. भाच्याचा फोन म्हणतो: इमेज. रोज दहा-बारा इमेजी येतात. त्यात नोटीस कोणती आणि सुप्रभातचा गुलाब कोणता, हे त्याला कळत नाही. फोटोतली अक्षरं वाचणारी ॲपं आहेत, पण तिरका काढलेला फोटो आणि त्यावर गोल शिक्का, म्हणजे अर्धी वाक्यं गायब. मागं त्यानं एकदा आईला विचारलं, तर आई म्हणाली, काही नाही, असंच सरकारी आहे.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो; आधी तो तीन टक्के होता. बऱ्याच गावांत तो डोईला काही रुपये वाटून संपतो. घेणाऱ्याला गरज असते, नाव ठेवायचं कारण नाही. पण वाटलेले पैसे दिवाळीत उडतात आणि उंबरठा तेवढाच राहतो. भाचा मागच्या ग्रामसभेत उठला आणि त्यानं दोन गोष्टी मागितल्या. एक, मिस्त्रीनं खडूनं आखला तसा वळणाचा रॅम्प, त्याच निधीतून, दोन वर्षांत विभागून. दोन, नोटिशीच्या फोटोखाली तोच मजकूर टाइप करून टाकायचा. दुसऱ्याला एक पैसा लागत नाही, असं त्यानं मुद्दाम सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, त्यापेक्षा आवाजात सांगून टाकू ना, बोलून, सगळ्यांनाच बरं. भाचा म्हणाला, आवाज मला चालेल, पण वरच्या आळीत दोन बहिरी पोरं दहावीला आहेत, त्यांना वाचता येतं. टाइप केलं तर माझा फोन मला वाचून दाखवेल आणि ती आपली आपण वाचतील. सरपंचबाई म्हणाल्या, लिहा ठराव. दोन्ही मागण्या एकमतानं मंजूर झाल्या. रॅम्पचं अंदाजपत्रक मागवायचं ठरलं.

चार दिवसांनी सभेचं इतिवृत्त गटावर आलं. हातानं लिहिलेलं, रजिस्टरच्या पानाचा फोटो. भाच्याचा मला फोन आला: “मामा, ठराव नीट उतरला हाये का तेवढं पाहून सांगा. आन् एकास बारा लिवलंय की नुसतं एक नग?”